बिनदुश्मनांचा खेळ

कटरेकाका संगणकातल्या खेळात उघडलेलं प्रत्येक दार बंद करूनच पुढे जात. खेळाला त्याची गरज नसे. दार उघडं ठेवलं म्हणून गुण कमी होत नसत, लावलं म्हणून वाढत नसत. मुळात काकांच्या खेळांत गुणच नसत. तरीही एखाद्या निर्मनुष्य बेटावरच्या ओस घरातून बाहेर पडले की ते मागे वळायचे, माउसचा बाण दारावर नेऊन टिचकी मारायचे, आणि दार लागल्याचा आवाज ऐकूनच पायऱ्या उतरायचे.

"कुत्रं शिरते," हे कारण त्यांनी मला दिलं होतं.

"काका, त्या बेटावर कुत्रं नाही."

"तुले काय माहीत? आपन अर्धंच बेट पाहिलं ना आतालोक."

कटरेकाका आमचे गोंदियाजवळच्या मुर्री गावातले शेजारी. घरची धानाची शेती, दारात ट्रॅक्टर, पोवार समाजाच्या कोणत्याही बैठकीत पुढच्या रांगेत खुर्ची. बोलणं थोडं आणि दणकट. साठी ओलांडलेला असा माणूस दुपारच्या जेवणानंतर बनियन-धोतरावर संगणकासमोर बसून बेटं धुंडाळतो, ही दोन हजार चार-पाच साली मुर्रीत बातमीच होती. मी एका वर्तमानपत्राच्या गोंदियातल्या कार्यालयात काम करत होतो. माझी पाळी संध्याकाळी सुरू होई. त्यामुळे दुपारी काकांच्या घरी जाऊन बसायला मला वेळ असे.

संगणक त्यांच्या मुलाचा, नितेशचा. इंजिनिअरिंग शिकताना घेतलेला. नितेशला पुण्यात नोकरी लागल्यावर संगणक मागेच राहिला आणि त्यात एक खेळही राहिला. समुद्रातलं बेट, त्यावर रिकामी घरं, पाण्याचे पाट, लोखंडी कळा. कोणी मारायला येत नाही, कोणी पाठलाग करत नाही. फिरायचं, पाहायचं आणि कुठली कळ ओढली की कुठलं दार उघडतं ते शोधायचं. नितेशला तो खेळ कंटाळवाणा वाटला होता. काकांनी त्यावर एक अख्खा पावसाळा काढला.

खेळ संपत आला तेव्हा ते मला घेऊन गोंदियाच्या बाजारात सीडीच्या दुकानात गेले. दुकानदाराने खोकं पुढे ओढलं.

"अंकल, ये देखिए. एकदम नया माल. सामने पूरी फौज है, उड़ाते जाओ."

"फौज नाही पाहिजे."

"तो गाड़ीवाला ले जाइए. टाइम के अंदर पहुँचना है, बस."

"टाइमबी नाही पाहिजे."

दुकानदार माझ्याकडे वळला. "भैया, अंकल को चाहिए क्या?"

"बिनदुश्मनाचा खेल पाहिजे," काका म्हणाले. "दुश्मन कायले विकत घ्यायचे? गावात फुकट भेटतेत."

असा खेळ दुकानात नव्हता. पुढे मी नागपूरला गेलो की संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी आणू लागलो. त्यात अशा खेळांचे तुकडे असत. कधी नितेश पुण्याहून एखादा अख्खा खेळ पाठवी. काका प्रत्येकाची पारख करत, आणि ती बैल पारखावा तशी असे. बाजारात लोक जसं बैलाला आधी चालवून पाहतात, तसं ते खेळात आधी नुसते चालत. धावण्याची कळ असे, पण ती त्यांनी कधी दाबली नाही. "पळाले का दिसत नाही काही. पळायचंच असन तं घरून निघाले कायले?"

त्यांची मतं ठाम होती. ज्या खेळात घड्याळ, तो खेळ नव्हे, परीक्षेचा पेपर. ज्यात मरण, त्याला घरात जागा नाही. कोड्याबद्दल ते म्हणत, "कोडं सुटल्यावर आपलाच राग आला पाहिजे, का एवढं समोर होतं अन् दिसलं नाही. बनवनाऱ्याचा राग आला, तं समजायचं त्यानं चोरी केली." एकदा ते एका कोड्यापाशी बरेच दिवस अडले, तेव्हा मी इंटरनेटवरून उत्तर काढून आणायची तयारी दाखवली. काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दुसऱ्यानं चावलेला घास खाऊ का मी?"

खेळ मध्येच थांबवून जागा राखून ठेवायची सोय असते. तिला ते 'रुमाल टाकणे' म्हणत. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात तसा. दुपारची वीज जायची वेळ झाली की म्हणत, "थांब, रुमाल टाकतो." वीज रोजच जाई. त्यासाठी त्यांनी इन्व्हर्टर घेतला होता. तो फ्रिजसाठी आहे अशी गावाची समजूत होती. काकांनी ती दुरुस्त केली नाही.

काही मतं मात्र मला कोड्यात टाकत. एका खेळात टेकडीवर मोठा बंगला होता. दुर्बीण, नकाशे, भिंतभर पुस्तकं. काका सगळ्या खोल्या फिरले आणि म्हणाले, "बेकार घर आहे. चूल नाही. खात काय होते हे लोक?" दुसऱ्या एका ठिकाणी झुळझुळ पाट होता. निकाल: "पानी चांगलं आहे, पन कपडे धुवाले दगड नाही ठेवला." स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्या माणसाला बेटावरची चूल कशी सुचते, हे मला कळत नसे.

आता काकींबद्दल सांगायला हवं.

सेवंताकाकींना हे खेळ सुरू होण्याआधीच लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला तो डावा हात आणि 'हूं' एवढा एक आवाज. संगणकाचं टेबल समोरच्या खोलीत त्यांच्या खाटेला लागूनच होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे ते असं: बायको खाटेवर पडलेली आणि नवरा तिच्याकडे पाठ करून खेळतो आहे. लोक चहा पीत आणि बाहेर पडल्यावर बोलत.

नागपूरच्या डॉक्टरांनी काकांना एक गोष्ट सांगितली होती. यांना विचारत राहा. नुसतं हो-नाही नको, दोन गोष्टींतली एक निवडायला लावा. ज्या दिवशी विचारणं थांबेल, त्या दिवसापासून उत्तर देणंही हळूहळू थांबेल. मग त्यांना परत आणता येणार नाही.

काकांनी विचारायला सुरुवात केली. वरण का भाजी? खिडकी उघडू का लावू? आंघोळ आता का मंग? पहिल्याच संध्याकाळी प्रश्न संपले. "मले प्रश्नच येत नोते," हे त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. "लग्न झाल्यापासून तिले काही विचारलंच नोतं ना."

हे खरं असावं. त्या पिढीत आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून चाले, चार पावलं अंतर ठेवून. शेतावर जाताना तशी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतही तशी. काकी मंडईत रेंगाळत. बांगड्यांच्या दुकानापाशी, दंडार नाचणाऱ्यांच्या घोळक्यापाशी थांबत. काका पुढे गेलेले असत. ते वळून हाक मारत, "चाल व!" आणि काकी निघत. कुठल्या वाटेने जायचं हा प्रश्न नव्हता. वाट पुढच्या माणसाची होती.

बेटावर मात्र दर दहा पावलांवर वाट फुटे. प्रत्येक फाट्यावर एक प्रश्न तयार मिळे.

मी बरेच दिवस समजत होतो की काका स्वतःशी बोलतात. "इकडं का तिकडं?" असं पुटपुटून ते थोडं थांबत आणि मग बाण हलवत. एकदा मला खाटेच्या पायथ्याशी बसायला जागा मिळाली. तिथून काकींचा डावा हात दिसत होता. काकांनी विचारलं, "इकडं का तिकडं?" चादरीवर एक बोट उचललं गेलं आणि डावीकडे वळलं. काकांनी मान जराशी तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. पडद्यावर बाण डावीकडे गेला. पुढे एक झोपडी आली. काका आत जाऊन बाहेर पडले, तशी काकी "हूं, हूं" करून अस्वस्थ झाल्या. काकांनी वळून दार लावलं. आवाज थांबला.

चूल, धुण्याचा दगड, न धावणं, दुश्मन नको, घड्याळ नको. ही सगळी मतं कोणाची होती, ते मला तेव्हा कळलं. एका खेळात बंदूक वाजली होती तेव्हा काकींनी डोळे मिटून घेतले होते आणि दिवसभर उघडले नव्हते. बोट उचलायला त्यांना वेळ लागे, म्हणून घड्याळ नको होतं.

मी पाहिलं हे काकांनी पाहिलं. त्यांनी माउस सोडला.

"पेपरात नको टाकू."

"नाही टाकत. पण सांगायला काय हरकत आहे, काका? लोक तुम्हाला नावं ठेवतात."

"सांगितलं तं काय म्हनतील? कटरे बायकोले विचारून चालते."

"आणि आता काय म्हणतात?"

"आता येडा म्हनतेत. ते चालते."

नावं ठेवणाऱ्यांत पुढे होता त्यांचा धाकटा भाऊ, बुधराम. त्याचं शेत काकांच्या बांधाला लागून आणि त्याची बैठक पानठेल्यावर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत काका शेतावर क्वचितच दिसले, तेव्हा बुधरामने पानठेल्यावर जाहीर केलं, "आमची वहिनी खाटेवर, आमचा दादा बेटावर." लोक हसले. काका तिथेच उभे होते. पान तोंडात टाकून म्हणाले, "हवा चांगली आहे तिकडं. तूबी ये." आणि घरी निघाले.

काका-काकींचा सगळ्यात मोठा विजय मला आठवतो. एका दगडी खोलीत काका अडले होते. सगळ्या भिंती तपासून झाल्या, कळ कुठेच सापडेना. काकी मात्र पुन्हा पुन्हा दाराकडे बोट करत. बाहेर जायचं आहे असं समजून काका बाहेर जात, की काकी पुन्हा "हूं, हूं". शेवटी काकांनी खोलीत उभं राहूनच, आतून, दार लावलं. कळ दाराच्या मागे होती. दार उघडं असताना ती कधीच दिसली नसती.

काका उठले, सदरा घातला आणि थेट पानठेल्यावर गेले. तिथे कोणालाही न समजणारी ती हकिकत त्यांनी सविस्तर सांगितली. "मी सोडवलं," असं सांगितलं. येताना जिलेबी घेऊन आले आणि खाटेपाशी बसून तुकडा मोडत म्हणाले, "तुयं नाव नाही सांगितलं व. राग नको मानू." काकींचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा हलत नव्हता.

एक खेळ त्यांनी शेवटापर्यंत नेला. शेवटी होडी येते आणि माणूस बेट सोडून जातो. पडद्यावर बेट लहान होत गेलं, आणि त्यानंतर दोन दिवस काकींनी बोट उचललं नाही. तेव्हापासून काकांनी एकही खेळ संपवला नाही. शेवटची खोली जवळ आली असं वाटलं की ते मागे फिरत आणि आधी पाहिलेल्या वाटा पुन्हा चालत. नितेश फोनवर विचारी, "बाबा, झाला का तो?" "होऊन राहिला," काका सांगत.

अशी काही वर्षं गेली. मग काकींना दुसरा झटका आला. गोंदियाच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. डोळे उघडे होते, पण डावा हात चादरीवर नुसता पडून असे.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दुपारी काकांनी संगणक लावला. बेटावरचा नेहमीचा फाटा होता. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला चढण.

"इकडं का तिकडं?"

हात हलला नाही.

"सांग व. इकडं पानी आहे. तिकडं पायऱ्या आहेत."

मी बाजूच्या खुर्चीत होतो. काका खुर्ची फिरवून काकींच्या तोंडाकडे पाहत बसले. मध्येच पडद्याकडे वळून म्हणत, "घाई नाही," आणि पुन्हा तोंडाकडे पाहत. वीज जायची वेळ झाली. वीज गेली. इन्व्हर्टरवर पडदा तसाच राहिला, ओढा वाहत राहिला. मग इन्व्हर्टर पीप-पीप करू लागला. काकांनी जागा राखून ठेवली नाही. पडदा काळा झाला. त्यांचा हात माउसवर तसाच होता.

मी म्हटलं, "काका, बॅटरी संपली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ती विचार करून राहिली."

मी पाळीला निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते.

धान कापून खळ्यावर आला त्या दिवसांत काकी गेल्या. तेरवीनंतर नितेश काकांना पुण्याला न्यायचं म्हणत होता. काका नाही म्हणाले. संगणकावर कापड टाकलं गेलं. शेतावर जाणं नाही, समाजाच्या बैठकीला जाणं नाही. मी दुपारी जाई तेव्हा ते समोरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्यात उभे असत. काही आणायला निघालेत की ठेवायला, ते समजत नसे. विचारलं तर म्हणत, "काही नाही, जाऊन राहिलो." आणि तिथेच उभे राहत.

एके सकाळी बुधराम माझ्याकडे आला. टोपी हातात होती.

"पत्रकार भाऊ, दादा घराबाहेर निघून नाही राहिला. त्याले गुफा, डोंगर पाहाचा नाद होता ना, त्या डब्यातले? आपन त्याले खरी गुफा दाखवू. कचारगडले नेऊ. तू चाल, मी एकटा म्हनलो तं नाही येनार."

वर्षानुवर्षं दादाची टिंगल करणाऱ्या माणसाला दादाचा नाद नेमका आठवत होता. मी हो म्हटलं.

आम्ही सकाळच्या गाडीने दरेकसाला उतरलो. कचारगडच्या जत्रेचे दिवस नव्हते. जंगलात पानगळ सुरू झाली होती आणि वाटेवर कोणी नव्हतं. बुधराम पुढे होता. तो इथे पूर्वी येऊन गेला होता आणि सगळं समजावून सांगत होता: हा पळस, ही वाट, तिकडे गुहा, आत गेलं की कसा गारवा लागतो. गप्प राहिलं तर काहीतरी होईल अशी भीती असल्यासारखा तो बोलत होता. काका मधे, मी मागे.

चढ लागायच्या आधी वाट फुटली. एक पायवाट झाडीतून वर जात होती, दुसरी खाली ओढ्याकडे. बुधराम न थांबता वरच्या वाटेला लागला. बरंच पुढे गेल्यावर त्याला मागे पावलं ऐकू आली नाहीत, तेव्हा तो वळला.

काका फाट्यावर उभे होते.

"दादा, कायले थांबला गा?"

बुधराम खाली उतरून आला.

"थकला का?"

"नाही."

"पानी पाहिजे?"

"नाही."

"मंग?"

"थांब जरा," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, दणकट. "तुया वहिनीले विचारून राहिलो."

मी बुधरामकडे पाहिलं. पानठेल्यावर वर्षभर पुरेल असं वाक्य त्याला मिळालं होतं. तो वाटेच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला.

मागून सालेकसाकडची कॉलेजची चारपाच मुलं मोठमोठ्याने बोलत आली. वाट अरुंद होती आणि काका मधोमध उभे होते.

"काका, जरा बाजूला व्हा ना. रस्ता अडवून राहिले."

बुधराम उठला आणि त्याने मुलांना हाताने अडवलं.

"तुम्ही बाजूनं जा बाप्पा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यायचं बोलनं सुरू आहे."

मुलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि झाडीतून वळसा घालून ती वर गेली. त्यांचे आवाज ऐकू येईनासे झाले. आम्ही थांबलो.

बऱ्याच वेळाने काका ओढ्याच्या वाटेला लागले. गुहा वरच्या बाजूला होती, हे बुधरामला माहीत होतं. तरी तो चार पावलं अंतर ठेवून त्यांच्या मागून चालू लागला.